ज्याचं नाव, तो उतरलाच नाही

ट्रिस्टन,
२२ सप्टेंबर १९६२

प्रिय डॉर्कस,

पोचलो. पाहणीला पुढे आलेले आम्ही बाराही जण सुखरूप. बाकीचं सावकाश वाच.

केपटाऊनहून शेवंडं पकडणाऱ्या जहाजाने निघालो. वाटेत समुद्राने आमची चांगलीच परीक्षा पाहिली, पण त्याचं आपल्याला काय कौतुक. एका सकाळी सायलस काकांनी मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "आहे अजून तिथेच." वर्षभरात कोणी बेट उचलून नेलं असेल अशी त्यांना धास्ती होती बहुतेक. वर गेलो तर बाकीचे दहाही जण कठड्याला चिकटून उभे.

डोंगर तसाच आहे, डॉर्कस. डोक्यावर बर्फ, कमरेला ढग. पण त्याच्या पायाशी, गावाच्या अंगणातच म्हण ना, दुसरा एक काळा डोंगर बसलाय. गेल्या वर्षी ज्वालामुखीमुळे आपण सगळं गाव सोडून पळालो तेव्हा तो घरांमागे पाव फुगावा तसा फुगत होता, आठवतं? आपण तिकडे इंग्लंडात नळाचं पाणी पीत होतो तोवर तो फुगून फुटला आणि उतू गेला. थेट समुद्रात गेलाय. शेवंडांचा कारखाना त्याच्या पोटात. मोठा किनारा नाही, धाकटा किनारा नाही. बोटी ओढायच्या त्या जागी आता काळ्या दगडांचा कडा आहे आणि त्यातून वाफा निघतात.

घरं मात्र उभी आहेत. एक जळलं, बाकी सगळी आहेत. आपलं आहे. दार उघडं होतं. आत गेलो तर चुलीपाशी गाढव उभं. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मीच आगंतुक. तुझ्या आईला सांग, त्यांच्या खुर्चीला धक्का लागलेला नाही. गाढवाने खुर्ची सोडून सगळीकडे आपली खूण ठेवलीय. मेंढ्या गेल्या. मागे राहिलेली कुत्री रानटी झाली, त्यांनी फडशा पाडला. गाई आहेत. एक माझ्यामागून दारापर्यंत आली आणि नुसती उभी राहिली.

संध्याकाळी आम्ही बारा जणांनी बारा चुली पेटवल्या. गरज एकाचीच होती, पण प्रत्येकाला आपल्या धुराड्यातून धूर निघताना बघायचा होता. सायलस काका बाहेर उभे राहून धूर मोजत होते आणि डोळे पुसत होते. म्हणाले, धुराने झोंबतायत.

उतरताना थोडे भिजलो. बाकी ठीक.

उद्यापासून बटाट्याच्या वाफ्यांचं काम. तू आणि आई जपा.

तुझा,
इझ्रा


कॅलशॉट,
४ नोव्हेंबर १९६२

प्रिय इझ्रा,

तुझं पत्र आईला चार वेळा वाचून दाखवलं. गाढवापाशी आलं की ती थांबवते आणि म्हणते, "माझ्या खुर्चीचं पुन्हा वाच." तिने निरोप सांगितलाय: जावयाला म्हणावं, गाढवाला शिस्त आहे, खुर्ची कोणाची ते त्याला कळतं; तुला लग्नाला इतकी वर्षं होऊन कळलेलं नाही.

इथे आमचं बरं चाललंय. विमानदलाची ही घरं गरम आहेत. मी अजून साउदॅम्प्टनच्या कपड्यांच्या कारखान्यात जाते. बायका चांगल्या आहेत. सुरुवातीला माझ्या बोलण्याला हसायच्या, आता माझ्यासारखं बोलून दाखवतात. खोटं कशाला सांगू, मला इथलं काही काही आवडतं. संध्याकाळी बस येते म्हणजे येते. वारा कुठून आहे ते बघून कोणाचं जेवण ठरत नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती आधी नीट ऐक, मग हस.

गेल्या शनिवारी आईला डॉक्टरकडे नेलं होतं. परतताना बस चुकली म्हणून गोदीच्या बाजूने चालत होतो. आई एकदम थांबली. मला वाटलं, गुडघा. ती एका जहाजाकडे बघत होती. जुनं मालवाहू जहाज, गंज चढलेलं, आणि त्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पांढऱ्या ठळक अक्षरांत आपल्या बेटाचं नाव. एकदोन अक्षरं इकडची तिकडे, पण आपलंच. त्रिश्ताँव द कुन्या.

माझ्या अंगावर काटा आला, इझ्रा. वर्षभर इथे कोणाला गाव सांगितलं की "कुठे?" असं विचारतात. आणि इथे कोणीतरी ते नाव माणसाएवढ्या अक्षरांत लिहून समुद्रावर फिरवत होतं.

आई सरळ जाऊन दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसली. म्हणाली, "सामान घेऊन ये."

मी म्हटलं, आई, हे आपलं जहाज नाही, दुसऱ्या देशाचं असेल.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "घराचं नाव लिहिलंय. ते दुसरीकडे कुठे जाईल?"

तेवढ्यात वरून एक म्हातारा खलाशी उतरला. मिशा ओठांवरून खाली आलेल्या. पोर्तुगीज होता, थोडं इंग्रजी येत होतं. मी त्याला विचारलं, हे नाव कसं? त्याला वाटलं मी जहाजाची चौकशी करतेय. छाती फुगवून सांगू लागला, हा आमचा साडेचारशे वर्षांपूर्वीचा मोठा दर्यावर्दी. हिंदुस्थानला निघाला होता, वादळांनी त्याला पार दक्षिणेकडे नेलं, आणि तिथे जगाच्या टोकाला त्याला ढगांतून वर आलेला एक डोंगर दिसला. समुद्र इतका खवळलेला की उतरता आलं नाही. नकाशावर आपलं नाव दिलं आणि पुढे गेला. कुन्या म्हणजे त्यांच्या भाषेत पाचर. लाकडात ठोकतात ती. मग म्हणाला, तिथे अजून तो डोंगर असेल, आणि पक्षी.

मी म्हटलं, माणसंही असतात. आणि आईकडे बोट दाखवलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने हळूच टोपी काढली. वर तोंड करून हाका मारल्या आणि एकेक करत दहा-पंधरा खलाशी खाली आले, हात पुसत, टोप्या काढत. आई खुंटावर बसलेली, मांडीवर पिशवी, आणि ते सगळे तिच्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्या नकाशातूनच कोणी उठून आलंय. एकाने तिला सार्डिनचे डबे दिले. म्हाताऱ्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. मला ते समजायला वेळ लागला. तो विचारत होता, तुम्ही उतरलात कसे?

आई म्हणाली, "जन्मलो तिथे. उतरायची वेळच आली नाही."

शेवटी तिला उठवताना माझी दमछाक झाली. घरी आल्यावर म्हणाली, "नाव दिलं आणि पुढे गेला. पाय नाही ठेवला. आणि मला सरकार परत पाय ठेवू देत नाही."

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिलाय. तू गाढवावर इतकं लिहिलंस, आणि उतरण्यावर एक ओळ. किनारे गेले असं म्हणतोस. मग उतरता कुठे? ते लिही.

डॉर्कस


ट्रिस्टन,
१४ जानेवारी १९६३

प्रिय डॉर्कस,

तुझं जहाजाचं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. सायलस काकांचं म्हणणं, आईंनी खुंटावरून उठायलाच नको होतं. तेवढ्यासाठी तरी ते जहाज इकडे आलं असतं. आणि त्या पोर्तुगीजाला फार नावं ठेवू नका म्हणावं. वायव्येचा वारा लागला असेल तर आम्हीही नुसतं बघून परत गेलो असतो.

मतदानाची बातमी रेडिओवर ऐकली. पाच सोडून सगळे परत यायला तयार. आम्ही इथे टोप्या उडवल्या. हे पाच शहाणे कोण गं? सायलस काका म्हणतात, ज्यांना नळाचं पाणी गोड लागलं ते. आम्ही रोज रात्री जेवताना त्या पाचांची नावं ओळखायचा खेळ खेळतो. तुला माहीत असतील तर कळव, पैज लागलीय.

परवा वारा पडला होता, म्हणून सायलस काका आणि मी नव्या डोंगरावर चढलो.

कसं सांगू तुला. खालून तो कोळशाच्या ढिगासारखा दिसतो. वर गेल्यावर कळतं की त्याला रंग आहेत. भेगांच्या कडा पिवळ्या, आत लाल, कुठे पांढऱ्या राखेवर हिरवट झाक. बुटांतून पायाला ऊब लागते, गाईच्या पाठीवर हात ठेवावा तशी. मी एका भेगेत बटाटे ठेवले आणि आम्ही वर जाऊन खाली येईपर्यंत ते शिजले होते. खाताना थोडी भीतीच वाटली. कोणाच्या चुलीवर न विचारता रांधलं की वाटते, तशी.

माथ्यावर वाफ इतकी की एकमेकांचे पाय दिसत नव्हते. मग ती बाजूला झाली आणि सगळं खाली दिसलं. आपलं गाव, त्याच्या शेजारी हे एवढं काळं, आणि त्याने समुद्रात पुढे केलेला पाय. गाव किती लहान आहे, डॉर्कस. एका हाताने झाकलं जाईल. आणि हा त्याच्या अगदी कुंपणाशी येऊन थांबला. का थांबला, कोणाला माहीत. मी खाली बसलो.

सायलस काका टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "ही जमीन माझ्यापेक्षा लहान आहे. हिच्यावर अजून कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही. हिला नाव पण नाही."

मी म्हटलं, द्या की एखादं.

ते म्हणाले, "आधी राहून बघू. मग देऊ."

तू उतरायचं विचारलंस. समुद्र तिथे दगड घासून घासून नवा किनारा करतोय. काळजी करू नकोस. बटाटे उगवलेत. वसंतात, म्हणजे तुमच्याकडच्या वसंतात, पहिली तुकडी येईल असं म्हणतात. पहिल्याच जहाजाने या. खुर्ची धुऊन ठेवलीय.

इझ्रा


कॅलशॉट,
२० फेब्रुवारी १९६३

इझ्रा,

पैज जिंकायची असेल तर लिहून घे. पाचांतली एक मी.

नळाच्या पाण्यासाठी नाही. ते मला अजून बेचवच लागतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मार्था काकूला सायलस काकांचं पत्र आलं. आम्ही सगळ्या चहाला बसलो होतो आणि ती मोठ्याने वाचत होती, नेहमीसारखी. मध्येच ती वाचायची थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं: "उतरताना बोट उलटली. इझ्रा खाली सापडला. आम्ही त्याची आशा सोडली होती." मार्था काकूला वाटलं मला माहीत असेल. सगळ्यांनाच वाटलं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, हो, थोडे भिजले म्हणे.

माझे बाबाही थोडेच भिजले होते.

ते गेले त्या दिवशी तू किनाऱ्यावर नव्हतास, बटाट्यांच्या शेतावर होतास. मी होते. अकरा वर्षांची. शेजारच्या नाइटिंगेल बेटावरून बोटी परत येत होत्या, पक्ष्यांची चरबी भरून. मी बाबांना ओळखलं, त्यांनी वल्हं वर करून मला खूण केली. मग एक लाट मध्ये आली. ती गेली तेव्हा बोटीचा तळ वर होता. आईने माझं तोंड तिच्या झग्यात दाबलं, पण उशीर झाला होता. मी पाहिलं होतं. तेव्हा चांगला किनारा होता आपल्याकडे. आता तोही नाही, आणि तू मला शिजलेल्या बटाट्यांच्या गोष्टी सांगतोस.

मतदानाच्या दिवशी चिठ्ठी घडी घालून टाकायची होती. माझ्यासमोर आई उभी होती. तिने जवळजवळ कागद फाटेल इतक्या जोराने "हो" वर खूण केली. जिचा नवरा त्या पाण्यात गेला ती "हो" म्हणाली, आणि मी "नाही". परत येताना तिने माझा दंड धरला होता, बर्फावर पाय घसरू नये म्हणून. तिने विचारलं नाही. मला वाटतं तिला माहीत आहे.

इथे असा हिवाळा कोणी पाहिला नव्हता म्हणतात. खाडीच्या कडा गोठल्यात. परवा मी पाण्यावर उभी राहिले, खरंच, बुटांखाली समुद्र आणि तो हलत नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मला माझीच लाज वाटली.

पहिल्या जहाजात आम्ही नाही. नावं नोंदवणाऱ्यांना मी सांगून आले. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आता बोलते, पण फक्त हवामानाबद्दल.

मला रागावून लिही, चालेल. पण अर्धं लिहू नकोस.

डॉर्कस


ट्रिस्टन,
२ मे १९६३

डॉर्कस,

पहिल्या तुकडीचं जहाज आलं. मी बोट घेऊन गेलो होतो. तू लिहिलं होतंस तरी मी प्रत्येक चेहरा पाहिला.

आता पूर्ण सांगतो.

आम्ही जुन्या खुणांवर गेलो, तीच चूक झाली. पन्नास वर्षं सायलस काका ज्या टेकडीवर नजर ठेवून बोट आत घेत आले ती टेकडी तिथेच होती. खालचा तळ मात्र बदलला होता. लाट जिथे फुटायची तिथे फुटली नाही, अलीकडेच फुटली. बोट उभी राहिली. मी सुकाणूच्या वल्ह्यावर होतो. मला सगळ्यांची तोंडं माझ्या वर दिसली, आणि मग काही नाही.

बोटीखाली गेलो. डोकं वर केलं तर लाकूड. वल्ह्याचा दोर पायात. आणि डॉर्कस, पाणी गरम होतं.

तुला खोटं वाटेल. सप्टेंबरात आपल्या समुद्रात हात घातला तर हाडं दुखतात. हे पाणी न्हाणीतल्यासारखं होतं. लाव्हाच्या कडेला तसंच आहे, आतून अजून ऊब झिरपते. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं मी मेलो, आणि मरण असं उबदार असतं. भीती गेली. हे मी कोणालाच सांगितलं नाही, सायलस काकांनाही नाही. भीती गेली होती आणि मी दोर सोडवायचं थांबवलं होतं.

मग दुसरी लाट आली, ती गार होती. उघड्या समुद्रातली. ती तोंडावर बसली तशी शुद्ध आली. दोर कसा सुटला माहीत नाही. मला बाहेर ओढलं तेव्हा सायलस काका माझ्या तोंडात मारत होते आणि रडत होते.

म्हणून मी "थोडे भिजलो" लिहिलं. तुला घाबरवायचं नव्हतं हे खरं. पण त्याहून खरं हे की मी थांबलो होतो ते मला लिहायचं नव्हतं. तुझे बाबा थांबले नसणार. ते शेवटपर्यंत धडपडले असणार, आणि मी, ज्याची तू वाट बघतेस, तो ऊब लागली म्हणून थांबला.

तेव्हापासून आम्ही जुनी खूण टाकून दिली. तळ मोजला. नवी खूण ठरवली. नंतर बऱ्याच वेळा उतरलो, पुन्हा उलटलो नाही. पण समुद्र आहे. उलटणारच नाही असं मी तुला लिहून देणार नाही.

आता माझं ठरलंय ते ऐक. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. इथलं काम या हिवाळ्यात मार्गी लागेल. पुढच्या जहाजाने मी तिकडे येतो. कारखान्यात मलाही काहीतरी काम मिळेल. मला बस आवडत नाही, पण माणूस शिकतो.

हे मी रागाने लिहीत नाही. तू पाण्यावर उभी राहिलीस आणि हायसं वाटलं, ते वाचलं तेव्हाच ठरवलं.

इझ्रा


कॅलशॉट,
३० जुलै १९६३

प्रिय इझ्रा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते एकटीने वाचलं, खाडीच्या टोकाला जाऊन. नंतर कामावर गेले. संध्याकाळी पुन्हा वाचलं. आईला काही दिवस दाखवलं नाही. माझ्या मनासारखं झालं होतं, तू येणार होतास, आणि मला त्याचा आनंद होत नव्हता.

शेवटी तिला वाचून दाखवलं. सगळं. गरम पाण्याचंही. तू रागावशील, पण तिला अर्धं सांगायची माझी हिंमत नव्हती.

तिने विणायची ओळ पुरी केली. मग सुया खाली ठेवल्या.

"तुझा बाप धडपडला असेल असं त्याला वाटतं," ती म्हणाली. "मला माहीत नाही. मी रोज रात्री देवाला मागितलं की तो धडपडला नसू दे. त्याला लवकर सुटका मिळू दे. त्याला ऊब मिळाली असती तर मी त्या पाण्याचे पाय धरले असते."

मला वाटलं तिचं संपलं. पण ती पुढे म्हणाली, "समुद्राने माझा नवरा नेला. त्यावर माझा राग नाही, समुद्राला कळत नाही. तुला कळतं. त्याला इथे आणशील आणि कोरड्यावर बुडवशील. खिडकीत बसेल, वारा कुठून आहे बघेल, आणि तुला म्हणेल, छान आहे इथे. तीस वर्षं म्हणेल. माणूस चांगला आहे, खोटं बोलत राहील."

मी म्हटलं, आणि मी तिथे रोज किनाऱ्यावर मरत राहू का?

ती म्हणाली, "हो. मी राहिले तशी. त्यात मेले कुठे?"

मी चिडून बाहेर गेले. तेव्हा समोरून एक मोठं प्रवासी जहाज चाललं होतं, दिवे लागलेलं, कठड्यावर माणसं. त्यांनी हात हलवला. इथे रोज जहाजं जातात आणि रोज माणसं हात हलवतात, आणि मी रोज उलट हात हलवते. त्या दिवशी माझा हात वर झाला नाही. मला कळलं की मी गेली दोन वर्षं किनाऱ्यावरच उभी आहे. समुद्र बदलला, एवढंच. तू जिथे असशील तिथे मी किनाऱ्यावर असणारच. मग निदान जो किनारा मला ओळखतो तो तरी असू दे.

आम्ही येतोय. हिवाळ्याआधीच्या जहाजाने, नोव्हेंबरात पोचू. नावं दिली.

मी घाबरत नाही असं समजू नकोस. मी आत्ताही, हे लिहिताना, घाबरलेय. आणि तू पाण्याखाली थांबलास त्याबद्दल मला तुझ्याकडून पुन्हा काही ऐकायचं नाही. दुसरी लाट आली आणि तू बाहेर आलास. तेवढं मला पुरतं.

कारखान्यातल्या बायका पार्टी करणार आहेत. त्यांना मी बटाट्याचा केक करून घालणार आहे. त्यांना वाटतं मी वेडी आहे.

डॉर्कस


ट्रिस्टन,
१२ सप्टेंबर १९६३

प्रिय डॉर्कस,

हे पत्र तू निघण्याआधी पोचो.

मी मोठं काही लिहीत नाही. तुझं पत्र सायलस काकांना दाखवलं तर त्यांनी चारही दिशांना तोंड करून गावभर ओरडून सांगितलं.

यावेळी सगळं आधीच सांगतो. जहाज बाहेर उभं राहील. समुद्र शांत होईपर्यंत थांबावं लागेल, कदाचित दोन दिवस, कदाचित आठ. घर दिसत असताना थांबणं वाईट असतं, पण थांबा. म्हातारी आणि आजारी माणसं पहिल्या खेपेला, खुर्चीला दोर बांधून खाली सोडतील. आईंना सांग की खाली बघू नका. दुसऱ्या खेपेला तू. शिडीवरून उतरताना बोट वर येते तेव्हा सोडायचं, खाली जाते तेव्हा नाही. मी सुकाणूवर असेन. काठाशी आलं की तीन मोठ्या लाटा जाऊ देतो, मग आत घेतो. त्या तीन लाटांत बोट खूप वर-खाली होईल. ती मुद्दाम. मी थांबलोय असं समज, चुकलोय असं नाही. शेवटी तळाला दगड लागतो, जोरात आवाज होतो, किनाऱ्यावरची माणसं पाण्यात शिरून बोट धरतात.

यात धोका आहे. तीन लाटांनंतर चौथी कधीकधी खोटी निघते, अलीकडेच फुटते. तेवढाच. आणखी काही लपवलेलं नाही.

इझ्रा


जहाजावरून, ट्रिस्टनसमोर,
११ नोव्हेंबर १९६३

इझ्रा,

अर्ध्या-पाऊण तासात मी तुझ्यासमोर असेन आणि तरी लिहितेय. किनाऱ्यावर एकदा पाय लागला की चूल पेटव, पाणी आण, गाढव हाकल. मग हे कधीच सांगून होणार नाही.

परवा दुपारी बेट दिसलं. सगळे वर आलो. मी जन्मापासून तिथून समुद्राकडे बघत आले; निघालो तेव्हा धूर आणि रडणं होतं, मागे वळून पाहिलं ते नीट पाहिलंच नाही. समुद्रातून आपलं घर कसं दिसतं ते मला परवा पहिल्यांदा कळलं. पाण्यातून सरळ वर, वर, आणि ढगाच्या वर पुन्हा पांढरं टोक. एवढ्या मोठ्या रिकाम्या पाण्यात हे एकच. त्याच्या पायाशी तुझा तो काळा डोंगर. आणि दोघांच्या मध्ये, खरंच हाताने झाकता येईल एवढं, गाव. धूर निघत होता. मी मोजायला लागले आणि मोजता आलं नाही. आई म्हणाली, "एवढ्याशा जागेत आपण केवढं भांडलो."

दोन दिवस लाटा शमल्या नाहीत. तू थांबा म्हणाला होतास, थांबलो.

आज सकाळी तुमची बोट आली. तू मला पाहिलंस. मी पाहिलेलं तुला कळलं की नाही माहीत नाही, तुझं लक्ष दोरांवर होतं. तसंच असायला हवं. आईला खुर्चीत बसवलं तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं की जावयाने खाली बघू नको म्हटलंय, आणि पूर्ण वेळ खालीच बघत राहिली. बोटीत पडल्यावर सायलस काकांना म्हणाली, "सरक."

मग तुम्ही निघालात. एका खलाशाने मला दुर्बीण दिली. मला ती घ्यायची नव्हती. घेतली.

मी तुला पाठमोरं पाहिलं, सुकाणूवर उभा. पहिली लाट आली आणि तुम्ही गेलात. बोट नाही, वल्ही नाही, कोणी नाही. मी श्वास घेतला नाही. वर आलात. दुसरी. पुन्हा नाही. वर आलात. तिसऱ्या लाटेला मी अकरा वर्षांची होते, इझ्रा. मी वाट बघत होते की बोटीचा तळ दिसेल. पण कोणी माझं तोंड दाबायला नव्हतं, त्यामुळे पुढचंही दिसलं. तू हात वर केलास. सगळी वल्ही एकदम पडली. चौथी लाट खोटी नव्हती. ती तुम्हाला उचलून घेऊन गेली, ओंजळीत धरून न्यावं तशी, आणि त्या काळ्या दगडांवर ठेवलं. माणसं पाण्यात शिरली. दोघांनी आईला उचललं. तिने त्यांना झिडकारलं असणार, कारण त्यांनी तिला लगेच खाली ठेवलं.

ती उभी राहिली. एकटी, त्या नव्या जमिनीवर. वाकून तिने दगडाला हात लावून पाहिला. गरम आहे का ते बघत होती, मला माहीत आहे. मग समुद्राकडे तोंड करून, जहाजाकडे, माझ्याकडे, तिने हात वर केला.

मी किनाऱ्यावर नव्हते आणि मी सगळं पाहिलं. एवढंच सांगायचं होतं.

तुमची बोट परत फिरलीय. रिकामी आहे म्हणून उंच दिसते. आता तुझं तोंड माझ्याकडे आहे. शिडी सोडतायत, माझं नाव पुकारलं. कागद झग्याच्या आत ठेवते, भिजला तर वाचून दाखवीन.

बोट वर येते तेव्हा सोडायचं. उतरते.

डॉर्कस